किनारा ओलांडल्यानंतरचा पाऊस

बा, यंदा पुन्हा मेंढ्यांच्या कातरणीनंतर पाऊस आला.

तू गेल्यापासून मी तुझ्याशी कधी बोलले नाही. घरी गेले की तुझ्या फोटोपुढं उभी राहते, पण तिथंही तोंड उघडत नाही. माझ्यासारख्या बोलक्या बाईचं हे गप्प उभं राहणं धाकट्या भावाला अजून नवलाचं वाटतं. आज चंद्रपूरच्या माझ्या खोलीत बसून लिहिते आहे. बाहेर ऊन पडलंय, आभाळात ढगाचा ठिपका नाही. असं आभाळ बघितलं की माणसं चार दिवसांपूर्वीचं विसरतात. मीही विसरेन, अशी भीती वाटली म्हणून कागद पुढं ओढला.

त्या वादळाला नाव होतं, बा. तुझ्या काळी नव्हतं. आता समुद्रात वादळ उठलं की त्याचं बारसं होतं. किनाऱ्यावर धडकेपर्यंत टीव्हीवर त्याचा नकाशा फिरत होता, पांढऱ्या भोवऱ्यासारखा. वाकलेले माड दाखवले, काठावर ओढून घेतलेल्या होड्या दाखवल्या, शाळेत नेऊन ठेवलेल्या बायका दाखवल्या. मग वादळानं किनारा ओलांडला आणि बातम्या देणारी मुलगी म्हणाली की जोर ओसरला, आता नुसता कमी दाबाचा पट्टा उरलाय. त्यानंतर क्रिकेट लागलं. तोच उरलेला पट्टा गोदावरीच्या खोऱ्यानं वर चढला. आधी सिरोंचा, मग अहेरी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपलं शिवार त्यानं झाकून टाकलं. आपल्यापर्यंत येतं ते नाव काढून घेतलेलं वादळ. त्यात जे मरतं तेही मग बिननावाचंच राहतं. हे वाक्य मी मेंढपाळांच्या सभेत म्हणते तेव्हा टाळ्या पडतात. तुला लिहिताना ते जरा मोठंच वाटतं, पण खरं आहे, म्हणून राहू देते.

तू समुद्र कधी पाहिला नाहीस. तू याला उगवतीचा पाऊस म्हणायचास. मी आठवीत असतानाचा तो उगवतीचा पाऊस मला अजून दिसतो. आश्रमशाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली. कातरणी नुकतीच आटोपलेली. सगळे भाऊबंद आपापली कातर घेऊन आले, आपल्या मेंढ्या कातरून, मटण-भात जेवून, दुसऱ्या दिवशी पुढच्या घरी गेले. आपला कळप एका शेतकऱ्याच्या धान निघालेल्या बांधीत खतासाठी बसवलेला. मेंढ्यांच्या उघड्या अंगावर कातरीच्या रेघा दिसताहेत, आणि सकाळपासून थंड वाऱ्याबरोबर पाऊस लागलाय. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या आहेत. एक बसली. तू तिला उठवलंस. ती पुन्हा बसली, तेव्हा तू मला म्हणालास, "गावात जाय. घरं उघडाले सांग."

मी धावत गेले. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेलं, त्यामुळं सांगायचं कसं हे मला चांगलं ठाऊक होतं. पहिलं दार त्या शेतकऱ्याच्या बायकोचं. तिच्या ओसरीत उभी राहून, केसांतून पाणी गळत असताना मी तिला समजावून सांगू लागले की काकू, मेंढीची लोकर काढली की तिच्या अंगातली ऊब टिकत नाही, त्यात वारा सुटला की रक्त गार पडतं, अशा वेळी माणूस म्हणून आपलं कर्तव्य काय आहे. काकूनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग? मी का तिले सेटर विनून देऊ?" तेवढ्यात मागून तू आलास. खांद्यावर मेंढी होती. तू ती सरळ काकूच्या हातांत ठेवलीस. काकू ओरडली, "अवो, माह्यं लुगडं भिजवलं ना," पण ओरडता ओरडताच तिची पावलं चुलीकडं वळली होती. परत बाहेर पडताना तू मला म्हणालास, "भाषन नोको देऊ. मेंढी हातात दे. हातात आलेलं कोनी फेकत नाई."

मग दारोदार तेच केलं. एका घरात दोन, एका घरात चार. काकूच्या स्वयंपाकघरात चुलीभोवती मेंढ्या दाटल्या, चुलीवर भाताचं गंज रटरटतंय, ओल्या मेंढीच्या वासानं घर भरलंय, एक मेंढी पाट्याशेजारीच मुतली. काकूचे म्हातारे सासरे दारातून डोकावून म्हणाले, "सासऱ्याले ओसरीत अन् मेंढीले चुलीपाशी. चांगला न्याय हाय." काकू म्हणाली, "तिले लोकर नाई, मामाजी. तुमाले घोंगडी हाय, पांघरून घ्या." तू भिंतीला टेकून पहिल्यांदा हसलास. माय धाकट्याला पाठीशी बांधून दुसऱ्या घरी आग घालत बसली होती. तरी काही मेल्याच. ज्या बांधीतच बसल्या त्या तिथंच राहिल्या. पाऊस उघडल्यावर तू एकट्यानं खड्डा खणलास आणि मला जवळ येऊ दिलं नाहीस.

तुझं ते वाक्य मी ऐकलं आणि पाळलं नाही. भाषणच माझा धंदा झाला. ज्या वर्षी तू गेलास, त्याच वर्षी गडचिरोलीच्या मोठ्या सभेत मी पहिल्यांदा उभी राहिले. पुढं वाचत गेले. बर्फ पडणाऱ्या देशांतले मेंढपाळ, वाळवंटातले उंटवाले, सगळे मला पुस्तकांतून भेटले आणि सगळ्यांची कहाणी तुझ्यासारखीच निघाली. आभाळ फिरलं की राज्य कुणाचंही असो, आधी मरतं ते चालणाऱ्या माणसाचं जनावर. कारण राज्याला फक्त बसलेला माणूस दिसतो. ज्याचं शेत आहे, घराला क्रमांक आहे, तो दिसतो. आज या गावच्या बांधीत आणि उद्या त्या जंगलाच्या कडेला असलेला माणूस त्याला दिसत नाही. हे मी भामरागडात बोलले, अहेरीच्या बाजारात बोलले, मुंबईतही बोलले. प्रत्येक सभेत शेवटी एकच सांगितलं: काही झालं तरी कळप विकू नका. कळप गेला की आपण कुणाचे कुणी राहणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका बैठकीसाठी मी समुद्रावर गेले होते, आंध्राकडच्या किनाऱ्यावर. तिथं कोळ्यांच्या वस्तीत एक माझ्याच वयाची बाई भेटली. मागच्या वादळात तिच्या घरची होडी फुटली होती. वादळाआधी होडी दोरांनी माडाला बांधली, पण माडच उन्मळला. सिरोंच्याकडं फिरून फिरून जमलेल्या माझ्या मोडक्या तेलुगूत मी तिच्याशी बोलत होते. तिनं विचारलं, तुमच्याकडं समुद्र नाही, मग वादळानं तुमचं काय जातं? मी म्हटलं, मेंढ्या जातात. ती हसली. तिला वाटलं, मी थट्टा करतेय. मग मी कातरणीचं सांगितलं, काकूची चूल सांगितली. ती बराच वेळ तुटक्या जाळ्याची गाठ सोडवत बसली आणि म्हणाली, आम्हाला वाटायचं, आमच्या घरावरून गेलं की ते संपतं. बा, आम्हा दोघींनाही वाटत होतं की मार आपल्यालाच बसतो. तरी तिच्यासाठी निदान भोंगा वाजतो. ती तिच्या पोरांना घेऊन पक्क्या इमारतीत जाते. पोरं वाचतात, होडी जाते. तीही भरपाईच्या रांगेत म्हातारी होतेय. मी तिचा हेवा केला नाही. पण भोंग्याचा केला.

यंदाचं सांगते. धाकट्यानं कातरणीचा दिवस आधीच धरला होता. मोबाइलवर इशारा आला, पण त्यात सगळी किनाऱ्याकडच्या जिल्ह्यांची नावं. शिवाय भाऊबंद कातरी घेऊन दारात आलेले, बोकड कापलेला. कातर घेऊन आलेल्या माणसाला तसंच परत पाठवायचं नसतं, हे तूच त्याला शिकवलंस. परत पाठवलं तर पुढच्या वर्षी कुणी येत नाही, आणि एकट्या माणसाच्यानं सगळा कळप कातरून होत नाही. त्यानं कातरल्या. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. कळप नाल्यापलीकडच्या बांधीत होता आणि दुपारीच नाला चढला. गावातल्या पोरांनी दोर बांधला, छातीभर पाण्यातून जेवढी कोकरं खांद्यावर आणता येतील तेवढी आणली. लोक वाईट झालेले नाहीत, बा. काकूच्या नातसुनेनं घरकुलाच्या एकुलत्या खोलीत कोकरं घेतली, गॅसवर पाणी तापवून बाटल्यांत भरून त्यांच्या पोटाशी ठेवलं. पण मोठ्या मेंढ्या पलीकडंच राहिल्या. धाकटा त्यांच्याबरोबर ताडपत्रीखाली राहिला. सकाळी पाणी उतरलं तेव्हा तो उभा होता आणि त्याच्याभोवतीच्या बहुतेक मेंढ्या बसलेल्या होत्या.

मी पोचले तेव्हा शेजारच्या बांधीत कापून रचलेले धानाचे पुंजणे भिजून काळे पडले होते. शेतकरी ते उलथत होते. त्यांच्याकडं नुकसानीची पाहणी करणारा साहेब आला होता. मी त्याला धाकट्याच्या बांधीत आणलं. तो सज्जन माणूस होता, चिखलातून आला. बघून म्हणाला, "बाई, धानाचं लिहिता येते. या मेंढ्यायचं कसं करू? वादळ तर तिकडं समुद्राकडं आलं. इथी पाऊस आला."

"हा पाऊस कुठून आला मग?" मी विचारलं.

"तुमचं बरोबर हाय," तो म्हणाला. "पन वीज पडून मेल्या असत्या, वाहून गेल्या असत्या, तर सोपं होतं. थंडीनं मेल्या म्हनाव तर वरचे म्हनतीन, मेंढीले तर लोकर राह्यते."

तिथं मी बोलले. मेलेल्या मेंढ्यांच्या मध्ये उभी राहून बोलले आणि खोटं कशाला सांगू, चांगलं बोलले. धान उलथणारी माणसं हात थांबवून ऐकत राहिली. कुणी तरी मोबाइलवर घेतलं, ते आता जिल्हाभर फिरतंय. साहेबानंही मान खाली घालून ऐकलं, नमस्कार केला आणि पुढच्या गावाला गेला. धाकटा तोवर खड्डा खणत होता. माझं संपल्यावर त्यानं कुदळ टेकवली आणि विचारलं, "झालं का, बाई? मंग हे मागचे पाय धर."

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची पिकअप आली. उरलेल्या मेंढ्या ओसरीसमोर बांधलेल्या, त्यांच्या नाकातून पाणी गळत होतं. धाकटा माझ्याजवळ येऊन बसला. त्याची बायको दाराआड उभी होती, कोकराला बाटली पाजत. तो म्हणाला, "बाई, तू सांग. ठेवू का इकू?"

मी म्हटलं, "तुझं मन काय म्हणतं?"

"माह्यं मन काई म्हनत नाई. माह्यं मन त्या खड्ड्यात हाय. तू शिकलेली हायस, जग पाह्यलं तू. पुढच्या वर्षी असं येईन का नाई, ते सांग."

येणार, हे मला माहीत आहे. समुद्र तापतोय, वादळं जास्त पाणी पिऊन येताहेत, कातरणीच्या दिवसांत येताहेत. हे मी वाचलंय, सभांत सांगितलंय. कातरणी पुढं ढकलावी तर थंडीत कातरायच्या, नाही कातरल्या तर लोकर कुजून अंगाला किडे पडतात. मी त्याच्या पायांकडं पाहिलं. पाण्यात राहून ते पांढरेफटक पडले होते, तुझे पडायचे तसे. मी म्हटलं, "वीक."

त्यानं पिकअपकडं पाहिलं. मग म्हणाला, "सभेत तर दुसरंच सांगतेस."

"सभेत माझा भाऊ ताडपत्रीखाली बसलेला नसतो," मी म्हणाले. एवढंच माझ्याकडं होतं. त्यावर टाळ्या पडल्या नाहीत.

तो उठला, व्यापाऱ्याशी हुज्जत घातली नाही. एकेका मेंढीला कुल्ल्यावर थाप मारून गाडीत चढवली. दाराआडून भावजय म्हणाली, "कोकरं राहू द्या. ते अजून दूध पिऊन राह्यले." व्यापारी म्हणाला, "वहिनी, आई गाडीत हाय, लेकरं इथी ठेवून का करता?" मग तिनं हातातलं कोकरूही दिलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी धाकटा तिकडंच बघत उभा होता. आता तो भद्रावतीकडं खाणीच्या गाड्यांवर काम शोधतोय.

येत्या मंगळवारी अहेरीला मेंढपाळांची सभा आहे. बोलावणं आलंय, गाडी येणार आहे. काय बोलायचं ते अजून लिहिलेलं नाही. तीन कागद फाडले आणि चौथ्यावर हे लिहीत बसले. हे घरी वाचून दाखवायचं नाही, धाकट्याच्या हाती तर नाहीच पडू द्यायचं. त्याला वाटतं, मेंढ्या गेल्या म्हणून त्याच्याइतकंच मलाही जड गेलं. जेवताना त्यानंच माझी समजूत काढली, म्हणाला, "बाई, तू नोको मनाले लावू." मी मान हलवली. पण गाडी गेली तेव्हा मला हलकं वाटलं, बा. त्या दिवशी दुपारी मी अंगण झाडलं, पोटभर जेवले आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा आभाळाकडं न बघता झोपले.