म्हसोबापर्यंत सत्तावीस खांब

६ जानेवारी २०२५, सोमवार. सायं. ५:१०
बारामती. दवाखान्याच्या पायरीवर आबांच्या चपला हातात घेऊन उभा आहे. पाय तपासताना काढल्या होत्या. आबा अनवाणीच बाहेर गेले, समोर उसाच्या रसाच्या गाड्याकडे बघत आहेत.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून डाव्या अंगठ्याला बारीक दोरा टेकवला. आबा म्हणाले, "लावा की." लावून झाला होता.

साखरेच्या गोळ्या बदलल्या. रोज पाऊण तास चालणे. "एकटे ते चालणार नाहीत. सगळं घर मिळून चाला." पुन्हा ७ एप्रिलला बोलावले आहे.

थोरल्या चुलत्यांचे अंगठ्यापासूनच सुरू झाले होते. आता त्यांचा पाय गुडघ्याखाली नाही. हे आबांना बोललो नाही. त्यांना माहीत आहे.

८ जाने., बुध.
लासुर्ण्यात घरापासून कालव्याच्या वळणावरच्या म्हसोबापर्यंत विजेचे खांब मोजले. सत्तावीस. परत येताना पुन्हा मोजले. सत्तावीस. जाऊन-येऊन पाऊण तास बसतो.

आई : "मी दिवसभर रानात बसून असते व्हय? मोबाईलवर पाण्याची मोटर चालू करणाऱ्यांनी चालावं." खरे आहे. धाकट्या बहिणीची, सोनालीची, बारावी; ती पुस्तकातून मान वर करीना. मी आणि आबाच निघालो, आबांना नवे बूट.

चौथ्या खांबाला भगवानतात्या दुधाचे कॅन घेऊन मोटारसायकलवर. "आबा, बसा की! पोरानं गाडी न्हाय काढली व्हय?"

आबा बसले. मी चौकात पोचलो तर आबांचा दुसरा चहा चालू होता. साखरेचा.

१० जाने., शुक्र.
सहाव्या खांबाला ट्रॅक्टर थांबला. आबा बसले.

१२ जाने., रवि.
आज आबांना गाडीवर न बसण्याची शपथ घातली होती. तात्या थांबले, आबा म्हणाले, "न्हाय, चालतो असाच."
"असाच कोण चालतं व्हय?"
आबा पुढे चालू लागले. तात्यांचे तोंड उतरले. तासाभरात घरी हजर. "आबा, माझं काय चुकलं आसंल तर तोंडावर बोला. गाडीवर बसंना झालाय तुमी." आईने चहा टाकला. सगळ्यांनी घेतला, आबांनीही.

आमच्याकडे वडीलधारा माणूस पायी दिसला आणि गाडीवाला थांबला नाही, असे होत नाही. थांबल्यावर माणूस बसला नाही तर भांडण आहे असे धरतात. डॉक्टरांना हे कसे सांगायचे?

१५ जाने., बुध.
वाट आईने काढली. भाकरी थापता थापता म्हणाली, "नवस हाय म्हणायचं. नवसाच्या माणसाला कोण गाडीवर घेत न्हाय."

आबा ताटावरून उठलेच. "देवाच्या नावानं खोटं बोलायचं न्हाय. बोलायचाच तर खरा बोलू. एक्केचाळीस दिस, सगळ्या घरानं. एक दिस चुकला तर ज्याचा चुकला त्यानं परत पयल्यापासनं."

आई म्हणाली, "म्हंजी मी बी?"
"नवस घराचा हाय."
स्वतःच्याच युक्तीत सापडली. माझे जुने बूट तिला बरोबर बसतात.

१७ जाने., शुक्र. दिवस १
चौघेही. नारळ फोडला. तात्या थांबले. आबा म्हणाले, "नवस हाय." तात्यांनी गाडीवरूनच हात जोडले आणि गेले. सत्तावीस खांब, पहिल्यांदाच पुरे.

२३ जाने., गुरु. दिवस ७
आई दोन खांब मागून चालते. शेजारच्या बाया म्हणाल्या म्हणे, "नवं लगीन झाल्यागत फिराय निघालीत." सोनाली पुढे, जीवशास्त्र पाठ करत. मी मध्ये, दोन्हीकडे बघत. एकत्र चालणे म्हणतात ते हेच का, माहीत नाही.

१ फेब्रु., शनि. दिवस १६
आई आता एकच खांब मागे. आबा अधूनमधून बुटाचा बंद बांधायला थांबतात. बंद सुटलेला नसतो.

९ फेब्रु., रवि. दिवस २४
ऊसतोडीची टोळी आली. आबा सकाळपासून फडात. साडेपाचला बोलवायला गेलो.
"आज ऱ्हाऊ दे. ट्रॉली भराय लागलीय."
"आबा, नवस."
"म्हसोबाला कळतंय की, तोड कधी येती ते."
आम्ही तिघे जाऊन आलो. आई दारातच म्हणाली, "आमचं चोवीस झालं. तुमचा खाडा."
आबा हसले. कोणी हसेना, मग थांबले.

१० फेब्रु., सोम. आबांचा दिवस १
आबांनी पुन्हा नारळ फोडला. कुरकुर नाही. आई म्हणाली, "माझं एक्केचाळीस झालं की मी मोकळी. मग तुमी आन् तुमचा म्हसोबा." आबा म्हणाले, "बरं." एकटे हे चालणार नाहीत. मला झोप नीट लागत नाही.

२६ फेब्रु., बुध.
महाशिवरात्र. आईचा उपास, तरी चालली. एक्केचाळीस पूर्ण. म्हसोबाला हळदकुंकू वाहिले, बूट धुऊन पत्र्यावर वाळत घातले.

२७ फेब्रु., गुरु. रात्री ८
दुपारी आबांना डोळे मिटायला लावले. सोनालीच्या शिवणाचा दोरा घेतला.
आबा म्हणाले, "लागला."
दोरा अजून माझ्या हातातच होता.
टेकवला, काढला. "बरोबर," म्हणालो. सोनालीने पाहिले. आईनेही पाहिले असावे.

५:४०ला मी आणि आबा दारात. सोनाली नवसातून मोकळी, तरी पुस्तक घेऊन आली. पत्र्यावर बूट नव्हते. आई पायरीवर बसून बंद बांधत होती. आबा बघत उभे.
"काय बघताय? चला की, खांब का हितं येणार हायत?"

एका रेषेत गेलो. तात्यांनी गाडी थांबवली नाही, नुसता हॉर्न दिला.

हिशेब :
आई — झाले ४१, आजचा धरून ४२. बाकी काही नाही.
सोनाली — तेवढेच.
मी — तेवढेच.
आबा — झाले १८, बाकी २३.
७ एप्रिलला ३९ दिवस आहेत. दोरा माझ्या खिशात आहे.