इंजिनाला वारं लागू नये म्हणून

अरिल्ये, रासबेरीचा हंगाम संपता संपता

प्रिय कूम मिलोवान,

तुला, तुझ्या बायकोला आणि लिंझमधल्या तुमच्या सगळ्या घराला माझा व देसांकाचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे या वयात जितकं बरं असायची परवानगी असते तितके. माझं ब्लडप्रेशर सकाळी चढतं आणि संध्याकाळी उतरतं. मधल्या वेळात ते कुठे असतं, याची काळजी करण्यात माझा दिवस जातो. तुझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची जखम भरली का? तिकडे दवाखान्यात समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघडतात, असं ऐकून मला झोप लागली नव्हती. टाके डॉक्टर घालतो, पण आरपार वारं लागून माणूस आडवा झाला तर कुठलाच डॉक्टर ते कबूल करत नाही. तू भिंतीकडे तोंड करून झोपत जा.

फोनवर हे सगळं सांगता आलं असतं, पण फोन स्वयंपाकघरात आहे आणि देसांकाही स्वयंपाकघरात असते. शिवाय मी शाळेत सहावीपर्यंत गेलो ते काही फुकट नाही. तेव्हा सावकाश वाच.

तर आमचा व्लादान ऑस्ट्रियातून येऊन गेला. तीन वर्षांनी आला. तू आमचा कूम, माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिलास, बाप्तिस्म्याला व्लादानला हातात धरलंस, म्हणून तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही: गेली तीन वर्षं तो आमच्या घराण्याच्या संताच्या, संत निकोलाच्या दिवसाला, आमच्या स्लावाला, घरी आलेला नाही. कधी कारखान्यात पाळी असते, कधी रस्त्यावर बर्फ असतं, एकदा तर दोन्ही नव्हतं आणि तरी आला नाही. स्लावाची मेणबत्ती बापाकडून मुलाकडे जाते हे त्याला माहीत आहे. माझ्यामागे ती कोण लावणार, असं मी त्याला विचारत नाही. मी काहीच विचारत नाही. यायचं तर येईल, नाही तर नाही. (देसांका म्हणते की मी हे वाक्य दिवसातून फार वेळा म्हणतो.)

आला तो लाल स्पोर्ट्स कारमधून. गाडी इतकी बुटकी की आमच्या फाटकातून शिरताना मला आधी फक्त तिचा धूर दिसला. जागा दोघांपुरती. मी म्हटलं, "आई आणि बाप दोघांना एकदम दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?" तो म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं पाळीपाळीने आजारी पडा." परदेशात राहून मुलं अशी बोलायला लागतात. (तुझी नसतील बोलत.)

सगळे रासबेरी तोडत असताना त्याच्या नावाने एक खोका आला. त्यात एक चकचकीत वाकडा पाइप आणि लाल शंकूसारखा एक फिल्टर होता, दिसायला थेट मेंढपाळाच्या टोपीसारखा. मी विचारलं, हे काय? त्याने मला नीट बसवून समजावलं, हे मला आवडलं. म्हणाला, इंजिन हवा आत ओढतं. गाडीच्या कारखान्याने बसवलेल्या काळ्या पेटीतून त्याला थोडी आणि कोमट हवा मिळते. हा पाइप थेट बंपरच्या मागून, चाकाजवळून, बाहेरची गार हवा ओढतो. गार हवा मिळाली की इंजिनाला जोर येतो.

मिलोवान, मी हातातला कप खाली ठेवला. आयुष्यभर मी माणसं पाहिली, गुरं पाहिली. गार हवेने जोर आलेलं एकही उदाहरण मला आठवत नाही. माझ्या आत्याचं तोंड वाकडं झालं ते बसच्या उघड्या खिडकीमुळे. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, ते इंजिन आहे. त्याला फुप्फुसं नसतात." मी म्हटलं, "आत्ताच तर म्हणालास हवा ओढतं." त्यावर तो पाना शोधायला गेला.

काम अक्रोडाच्या झाडाखाली केलं. (अक्रोडाच्या सावलीत माणसाने झोपू नये हे मला ठाऊक आहे, पण गाडी झोपत नाही.) शेजारचा रादोये कुंपणावरून आला आणि राकियाची बाटली मांडून बसला. तो तीस वर्षं बस चालवत होता, तेव्हा दुसऱ्याने केलेली दुरुस्ती त्याला बघवत नाही. "व्लादान, जर्मन भाषेतली माहिती वाचून स्क्रू फिरत नाही रे," म्हणाला. व्लादान म्हणाला, "रादोयेकाका, तुमच्या बसचं बॉनेट दोरीने बांधलेलं असायचं." "असायचं," रादोये म्हणाला, "पण ती दोरी मी स्वतः बांधली होती."

काळी पेटी निघाली. मग हवा मोजणारा एक सेन्सर तिच्यातून काढून नव्या पाइपात बसवायचा होता. तो अंड्यासारखा धरा, असं व्लादानने मला सांगितलं. मी धरला. तो फुटू नये म्हणून मी श्वास रोखून धरला होता, तर तो म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी हवा घ्या." एक स्क्रू गाडीच्या पोटात पडला. तो शोधण्यात दुपार गेली, रासबेरी झाडावरच पिकून गळली, आणि देसांका पलीकडून एकटी किती पेट्या भरल्या ते ओरडून सांगत राहिली. पण मी विजेरी धरून त्याच्याशेजारी जमिनीवर आडवा पडलो होतो आणि तो मला त्याच्या खोलीबद्दल, कारखान्यातल्या फोरमनबद्दल, रविवारी एकट्याने जेवायचा कंटाळा येतो त्याबद्दल सांगत होता. चेहरे दिसत नसले की आमच्या घरात बोलणं सोपं जातं. स्क्रू मला बराच आधी दिसला होता. मी लगेच सांगितलं नाही.

संध्याकाळी गाडी सुरू केली. आवाज असा, की कोणीतरी मोठा माणूस गरम सूप ओढतोय. कोंबड्या पांगल्या. रादोयेने टोपी काढली आणि म्हणाला, "क्रस्मान, तुझा मुलगा इथे नसताना सुद्धा आता आम्हाला ऐकू येईल." व्लादान हसला. लहानपणी हसायचा तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवरून धुकं वर आलं. तुला ते धुकं आठवत असेल, सांध्यात शिरतं. मी अंगणात गेलो तर गाडी उभी, आणि बंपरच्या मागे तो बिचारा लाल शंकू थेट त्या धुक्यात उघडा. पूर्वी त्याच्यावर पेटी होती, झाकण होतं. मी फार विचार केला नाही. पोरगा याच गाडीत बसून हजार किलोमीटर जाणार, वाटेत डोंगर, आणि हिच्या छातीला वारं लागलं तर ती त्याला घेऊन मध्येच बसणार, एवढंच मनात आलं. मी कमरेचा लोकरीचा पट्टा सोडला (किडन्यांना ऊब म्हणून मी तो उन्हाळ्यातही बांधतो, तूही बांधत असशील अशी आशा आहे), जमिनीवर पालथा पडून तो शंकूभोवती दोन वेढे देऊन गुंडाळला, आणि सेफ्टी पिनने टाचला. नीटनेटकं दिसत होतं.

व्लादान आईला घेऊन शीतगृहाकडे निघाला. मी मागून रादोयेच्या ट्रॅक्टरवर रासबेरीच्या पेट्यांबरोबर. तिथे पोचलो तर गाडी चढावर, शीतगृहाच्या फाटकासमोर, आडवी बंद पडलेली. सगळ्या पंचक्रोशीचे ट्रॅक्टर रांगेत उभे, फळ उन्हात पाझरतंय, आणि देसांका आत बसून समोर बघतेय, फोटोत बसावं तशी. बॉनेटभोवती दहाबारा माणसं. तुला माहीतच आहे, आपल्याकडे बंद गाडी दिसली की प्रत्येकाला तिच्यात डोकं घालायचा हक्क असतो. कोणी म्हणे पेट्रोल, कोणी म्हणे करंट. मग कोणीतरी तो पाइप कशासाठी आहे हे विचारलं, आणि व्लादानने खरं ते सांगितलं. गार हवा ओढायला.

मग रांगेतला सर्वांत म्हातारा म्हणाला, "म्हणजे वाऱ्याचा झोत लागला तिला." सगळ्यांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं, बॉनेट लावा आधी, आणखी लागेल. मला इतकं बरं वाटलं, की मीही पुढे होऊन मान हलवली. व्लादान जमिनीवर पडला, चाकामागे हात घातला आणि माझा पट्टा बाहेर ओढला. धुक्याने ओला झालेला, फिल्टरला चिकटून चपटा झालेला. अरिल्येतल्या प्रत्येकाला तो पट्टा माहीत आहे, देसांकाने त्याच्यावर हिरवी नक्षी विणलीय.

मला वाटलं, आता हसतील. पण रादोये माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाला, "क्रस्मान, म्हणजे तू सकाळपासून कंबर उघडी टाकून हिंडतोयस?" आणि मग सगळी रांग माझ्यावर उलटली. या वयात, सकाळच्या धुक्यात, उघड्या किडन्यांनी ट्रॅक्टरवर! एकाने आपलं जाकीट काढून माझ्या कमरेला बांधलं. गाडीचं कोणाला काही पडलेलं नव्हतं. व्लादान हातात पट्टा धरून उभा होता. तो म्हणाला, "बाबा, गाडीचा जीव घुसमटला." मी म्हटलं, "पण गारठली तर नाही ना." त्याने पट्टा पिळला आणि आरशाला वाळत घातला.

गाडी लगेच सुरू झाली, हे मला मान्य करावं लागतं. चढावापर्यंत ती चांगली चालली होती, हे त्यांनी मान्य करायला हवं.

उरलेले दिवस तो माझ्याशी जेवणापुरतंच बोलला. जाताना देसांकाने स्लावाचं विचारलं, मी नव्हे. तो म्हणाला, "बघू, जमलं तर." मी शेडकडे पाहत होतो. जमलं तर जमलं. मी आता या गोष्टीचं मनाला लावून घेत नाही, आणि तूही त्याला माझ्या वतीने काही बोलू नकोस. केवळ खुशाली कळावी म्हणून लिहिलं.

पत्राला घाई नाही, पण उत्तर लवकर दे. सर्वांना माझ्याकडून मायेने आठवण सांग, आणि मान झाकून ठेव.

तुझा कूम,
क्रस्मान

ता. क. एक बारीकसं काम आहे. तुझा जावई तिकडे जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकतो ना? ऑस्ट्रियातली गाडीची तपासणी हिवाळ्यात आहे आणि तो पाइप तिथे चालत नाही. व्लादानला तेवढ्या दिवसापुरती कारखान्याची काळी पेटी परत बसवावी लागणार. निघताना त्याने ती सगळीकडे शोधली. मीही त्याच्याबरोबर शोधली. ती शेडमध्ये राकियाच्या रिकाम्या पिंपात आहे, वर कांदे आहेत. ती सापडल्याचं मी त्याला डिसेंबरात, स्लावाच्या थोडं आधी कळवणार आहे, म्हणजे न्यायला यावंच लागेल. तोपर्यंत तो तुझ्या जावयाकडे विचारायला येईल. जावयाने सांगावं की तसली पेटी नाही, मिळत नाही, यायची शक्यताही नाही. कूमच्या शब्दाला कूम नाही म्हणत नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात देसांका आली. व्लादानचा फोन होता. स्लावाला येतोय, रजा मंजूर झाली, मेणबत्ती यंदा तो स्वतः घेऊन येणार आहे. पेटीचं नावसुद्धा काढलं नाही. मी फक्त "बरं" म्हणालो. तरी जावयाला सांगून ठेवच. स्लावानंतर लगेच नाताळ येतो, आणि मग ईस्टरही फारसा लांब नसतो.