कु. की कै.

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

मी वारले. वेळ मुद्दाम लिहून ठेवते, पुढे कामाला येईल. वाचनालयाचा मेसेज सगळ्या सभासदांना गेला, त्यामुळे मलाही आला: ‘आपल्या जुन्या सभासद कै. पद्मजा देवणीकर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’

बारा वाजता कडूबाई दारात. ‘ताई, गल्लीत बाया म्हनायल्यात तुमी गेल्या. मग भांडी घासू का जाऊ?’ म्हटलं, घास.

तडक वाचनालय गाठलं. सचिव चंद्रभानराव मला पाहून खुर्चीतून उठले — जिवंतपणी कधी उठले नव्हते. ‘बाई, कंप्युटरमधी तुमी गेलेल्या दिसायल्यात. गेलेल्या माणसाच्या नावावर पुस्तक देता येत न्हाई.’ अर्धी वाचलेली कादंबरी जमा करून घेतली! तीस वर्षांची सभासद मी.

वर तोडगा: ‘हयातीचा दाखला आणा. न्हाईतर कु. काढून श्रीमती लावू, कंप्युटर ऐकतो मग.’

कु. काढणार नाही. अडुसष्टाव्या वर्षीही नाही. लग्न करायचं विसरले नव्हते मी.

४ फेब्रुवारी

गुन्हेगार माझ्याच डोक्यावर राहते. वरच्या खोलीतली भाडेकरू योगिनी. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, वाचनालयाचं सॉफ्टवेअर हौसेनं करतेय. तिला खाली बोलावलं. मान खाली घालून उभी.

‘मावशी, यादीत टायपिंगच्या चुका लय होत्या. म्हणून नियम घातला — वय साठच्या पुढं आणि कु. असेल, तर ते कै. समजायचं. साठीत कुमारी कोण असतं?’

‘मी असते.’

म्हणजे एक उकार आणि दोन मात्रा, एवढ्यावर माझा जीव! असे पाच जीव गेलेत. पहिला मेसेज माझा सुटला, मग हिनं घाबरून बाकीचे थांबवले.

‘आणि हा प्रयोग तू खऱ्या यादीवर केलास?’

‘कामापुरता वेगळा डेटाबेस करायचा होता. राहून गेला.’

एकतीस वर्षं कृषी विद्यापीठाच्या बियाणे विभागात काढली. नवं वाण आधी आमच्या वाफ्यात, मग शेतकऱ्याच्या रानात. वाफ्यात मेलं तर कुणाचं घर बसत नाही. हे मी तिला पाऊण तास सांगितलं. शेवटी म्हटलं, तुझाही वाफा वेगळा हवा. आणि तो मी घालणार, तू शेजारी बसून सांगायचं. तिथं नियम नीट चालला की मगच खऱ्या यादीला हात.

ती हसली. मी हसले नाही.

५ फेब्रुवारी

माझ्याच लॅपटॉपवर सुरुवात. प्रोग्राम उतरवला, पासवर्ड ठेवला, एंटर दाबलं. उत्तर आलं, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड.’ मला नकार! या घरात नकार द्यायचं काम आजवर माझ्याकडे होतं. योगिनी पोट धरून हसायली. सर्व्हर सुरूच केला नव्हता म्हणे.

६ फेब्रुवारी

आज्ञा लिहिली, यंत्र ढिम्म. दहा मिनिटं एकमेकांकडे बघत बसलो. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता! सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर याच अर्धविरामासाठी पट्टी मारायच्या. शेजारची सत्यशीला हळूच माझ्या वहीत तो घालून द्यायची. मार वाचायचा.

७ फेब्रुवारी

वाचनालयाच्या फळ्यावर चंद्रभानरावांनी दिवंगतांची यादी लावलीय. माझ्या खाली तीन नावं सोडून — कै. सत्यशीला मोगरे, पाथरी.

योगिनीचा नियम हिला लागू नाही. हिनं पन्नाशीतच नावामागे श्रीमती लावलं होतं. ‘लोक विचारतात गं,’ म्हणाली होती. मी तिला चारचौघांत भित्री म्हटलं. एकोणीस वर्षं बोललो नाही.

म्हणजे ती खरीच गेली.

८ फेब्रुवारी

लॅपटॉप उघडला नाही.

१० फेब्रुवारी

योगिनीनं चहा करून आणला आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवला. ‘मावशी, वाफा वाळायलाय.’

बसले. आणि उभा राहिला की डेटाबेस! नाव ‘वाफा’. त्यात खरं माणूस घालायचं नाही, म्हणून सभासद मीच पेरले: श्री. मालदांडी ज्वारीकर. सौ. करडई तेलंग. कु. तूर बदनापूरकर, वय ६१. योगिनीचा चहा नाकातून आला.

मग तिचा नियम चालवला. बघता बघता कु. तूर झाली कै. तूर! फुलोऱ्याआधीच गेली बिचारी. नियम खोडला, पुन्हा पेरलं, पुन्हा चालवलं — कु. तूर टवटवीत. तीन दिवसांनी हसले. गालफडं दुखताहेत.

११ फेब्रुवारी

वाफ्यात जमलं, म्हणून आज वाचनालयात जाऊन खऱ्या यादीत केलं. योगिनीनं नियमाचे पाचही बळी परत फिरवले. पहिली मी — कु. पद्मजा देवणीकर. चंद्रभानरावांनी कादंबरी मुकाट्यानं पुढं केली.

पाचवं नाव: कु. सत्यशीला मोगरे, पाथरी.

म्हटलं, हे चुकलंय, ती श्रीमती लावायची. चंद्रभानराव म्हणाले, ‘कागद बघू की बाई.’ कपाटातून तिचा अर्ज निघाला, दोन वर्षांपूर्वीचा. त्यावर सौ./श्रीमती/कु. छापलेलं असतं, नको ते खोडायचं. तिनं पहिली दोन खोडली होती. कागद फाटेपर्यंत.

अर्जावरचा पत्ता उतरवून घेतला.

१२ फेब्रुवारी, सकाळी १०

रजिस्टर पोस्टानं पाथरीला पाठवलं. नक्कल:

‘कु. सत्यशीला मोगरे हिस — माझ्या मरणाचा मेसेज तुलाही आला असेल. खोटा आहे. तू गेल्याचंही खोटंच असणार, असं धरून लिहिते. भित्री म्हटलं ते मागे घेते. फोन चालणार नाही; अक्षर बघायचं आहे. हा अर्धविराम मीच घातलाय. लेखी उत्तर २८ फेब्रुवारी, सायंकाळी पाचपर्यंत माझ्या हातात हवं.’