मी सध्या बेळगावला आहे

अप्पा, तुम्हाला जाऊन आता वीसेक वर्षं झाली, आणि मी लिहितेय ती नवनगरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीतून. लोकांच्या लेखी मात्र मी बेळगावला आहे, दादाकडे, आईला बरं नाही म्हणून. आई ठणठणीत आहे. बरं मला नाही. ही युक्तीही आईचीच, जावयाला फोनवरून शिकवलेली. तुमच्यावर इतकी वर्षं चालवली, तिचा हात बसलेला आहे.

तुम्हाला आठवत असेल. दुर्गदबैलच्या बाजारात खाली खणांचं दुकान, वर माडीवर आपण. तुमचे ते दिवस आले की तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहायचात. दाढी वाढायची, ताट तसंच परत यायचं. आई तुमच्या चपला पायरीवरून उचलून आत लपवायची आणि स्वतः गल्ल्यावर बसायची. कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, खरेदीला गेलेत, गुळेदगुड्डला. आम्हा पोरांनाही तेच पढवलेलं. अख्ख्या बाजारात तुमच्याइतका खरेदीला जाणारा दुकानदार दुसरा नव्हता. मी एकदा तिला विचारलं, आजारी आहेत म्हणून सांगितलं तर काय होईल? खणाची घडी घालता घालता ती म्हणाली, "ताप असता तर सांगितलं असतं बघ. ह्याला काय म्हणून सांगू?" तिच्याकडे खरंच शब्द नव्हता. मला तिचा राग येतो, आणि ती नसती तर दुकान बुडालं असतं हेही कळतं.

मग एक दिवस, ज्यांच्याकडून आपण खण घ्यायचो ते गुळेदगुड्डचे व्यापारीच दुकानात येऊन उभे राहिले. आईची जीभ सवयीनं चालली. म्हणाली, खरेदीला गेलेत, तुमच्याच गावाला. बोलून गेली आणि हातातला कापड मोजायचा गज धरून तशीच उभी. ते गृहस्थ भले. चहा प्यायले, वाटेत चुकामूक झाली असेल म्हणाले आणि निघून गेले. मला हसू आवरेना. वाटलं, तुम्हीही वर ऐकलं असणार, आता हसत खाली याल. ताट घेऊन मी वर आले तर तुम्ही जागे होता. छताकडे बघत विचारलंत, "मी परत कधी येणार? काय सांगितलं आईनं?" मला ती थट्टा वाटली. मी म्हटलं, सोमवारी. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा कुशीवर वळलात.

ती थट्टा नव्हती, हे आता कळतंय. मला पहिल्यांदा झालं ते शाळेत, वर्गात शिकवताना. फळ्यावर लिहीत होते आणि मुलींकडे वळताच येईना. छाती धडधडतेय, तळहात ओले, तास संपेपर्यंत मी पुसलेला फळाच पुसत राहिले. पुढे सकाळी अंथरुणातून उठणंही होईना. देशपांडे नगरातल्या डॉक्टरांनी कन्नडात विचारलं, मीही कन्नडात भडाभडा सांगितलं. मराठीत हे मी कुणाला सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, रोज फिरायला जा म्हणाले, महिन्यानं परत बोलावलं. आमचे हे वाईट नाहीत, अप्पा. भात लावतात, गोळी हातावर आणून ठेवतात. फक्त म्हणाले, कॉलनीत कळायला नको, शाळेत तर नकोच, मी आईंशी बोलतो. तेव्हापासून मी बेळगावला. फिरायला जाता येत नाही, कारण मी इथे नाही. गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत, दिवसा नळ हळू सोडायचा. डॉक्टरांनी दिलेला दिवस उलटून गेला, गोळ्या संपत आल्या, आणि जायचं तर सगळ्यांच्या देखत फाटकातून बाहेर पडावं लागणार. खरं सांगून टाका, असं मी ह्यांना म्हणाले. ते म्हणाले, आता सांगितलं तर आधीचं खोटं उघडं पडेल.

आज दुपारी शेजारच्या अक्का मागच्या दाराशी आल्या. "बागला तगी," म्हणाल्या, दार उघड. मग त्या हळू आवाजात, कन्नडातच, बोलत राहिल्या. तू आत आहेस हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. माझी धाकटी बहीण अशीच बसून असायची. मी काही विचारणार नाही. कोपऱ्यावर रिक्षा थांबवली आहे, डॉक्टरांकडे जाऊन येऊ. मी दाराच्या अलीकडे उभी होते. त्या बराच वेळ थांबल्या. नंतर त्यांच्या पावलांचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं रिक्षा सुरू होऊन गेल्याचा.

हे पत्र ठेवायचं कुठे तेही ठरवलेलं नाही. इतकी वर्षं मी धरून चालले होते की आईनं तुम्हाला माडीवर कोंडलं. आज कडी माझ्याच बाजूला होती. ह्यांच्या भीतीनं उघडलं नाही, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. अप्पा, मला उघडायचंच नव्हतं.