तीन फोन

३ जानेवारी
भोरहून एसटीनं भाटघरला पोचले. खाली दवाखान्याची खोली, वर माझी, आणि खिडकीत धरणाचं निळं पाणी! झोपेत ज्यांचा श्वास थांबतो, त्यांना मास्कचं मशीन लावायला शिकवायचं. त्याचा रिपोर्ट रोज सकाळी मोबाईलवरून पुण्याच्या डॉक्टरांकडे जातो. दोन वर्षं मी पुण्यात बसून हेच रिपोर्ट तपासले. आता माणसं दिसतील. झाडलोट करणाऱ्या रतनबाईंनी आंबेमोहोराचा भात रांधला होता. पुन्याची मानसं वाळकीच असत्यात, म्हणत दुसऱ्यांदा वाढला. किती दिवसांनी मला कुणी असं वाढलं.

६ जानेवारी
कामथडीचे हनुमंत बायकोला घेऊन आले. त्यांच्या घोरण्यानं ती चार वर्षं ओसरीवर झोपत होती, आता आत आली. म्हणाली, मशीन लई गुनाचं हाय, निदान बारीक आवाजात घोरतंय. ते कानापर्यंत लाल झाले. दिवसभर हसू येत राहिलं.

९ जानेवारी
कपाटात परत आलेलं एक मशीन सापडलं. चिठ्ठीवर भागूबाई, वेल्ह्याच्या वरचा धनगरवाडा. नाव ओळखीचं होतं. वापर चार तासांच्या खाली गेला की तीन फोन करायचे, उत्तर नाही मिळालं तर मशीन परत आणायचं, असा नियम. हिचा वापर दोन तास. पुण्यात असताना मी फाईलमध्ये १२, १४, १६ अशा तारखा घातल्या, पुढे लिहिलं, फोन केला, उचलला नाही.
एकही केला नव्हता. फाईली फार होत्या. दुसरं कारण नाही.
सहज विचारावं तसं रतनबाईंना विचारलं. त्यांची धाकटी जाऊ निघाली. वाड्यावर रात्री लाईट जायची, मशीन बंद पडायचं. ऑफिसातून फोन येईल तवा सांगीन, म्हणून ती मोबाईल उशाशी घेऊन असायची. मशीन नेलं आन् अकराव्या दिशी झोपंतच गेली. मोबाईल बी राखेसंगं धरणात सोडला.
मग त्यांनी विचारलं, तुमी फोन केलता का?
मी म्हणाले, केला होता.

१० जानेवारी
ऑफिसच्या मोबाईलवर आलेल्या सकाळच्या रिपोर्टांत भागूबाईंचा रिपोर्ट आहे. वापर दोन तास. सर्वांत लांब थांबलेला श्वास, वीस सेकंद.
कपाटाला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे. मशीनची वायरसुद्धा गुंडाळलेली.

१२ जानेवारी
दुपारी बाराला ऑफिसचा मोबाईल वाजला. पडद्यावर नाव भागूबाई. उचलला नाही. तेव्हापासून छातीवर कुणी पाय ठेवल्यासारखं वाटतंय.

१३ जानेवारी
आज रिपोर्टात तिच्या जागी माझं नाव. वापर शून्य. श्वास थांबला, चाळीस सेकंद. मी कुठलंच मशीन लावलेलं नाही—

१४ जानेवारी
पुन्हा बाराला. रतनबाई भांडी घासत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, उचला की बाई, मानसानं किती वाट बगायची.
नाही उचलला. हात गेला नाही.

१५ जानेवारी
पुण्याला फोन केला. माझ्या जागेवर आता शेफाली बसते. म्हटलं, मला मशीन पाठव, कपाटातलं नको. ती हसली. म्हणाली, ताई, तुमची फाईल आहे इथे. दोन फोन झालेत, तुम्ही उचलत नाही. उद्या तिसरा, मग बंद.
संध्याकाळी चुलीपाशी रतनबाईंना सगळं खरं सांगितलं. रडले. त्या जाळ सारत राहिल्या. मग म्हणाल्या, मला म्हाईत हाय. तिच्या मोबाईलवर एक बी फोन आलेला न्हवता. म्या दोनदा बगितलं. आन् तुमी माझ्या तोंडावर म्हनला, केला होता.
भात वाढून गेल्या.
उद्या उचलणार. माफी मागणार. श्वास आता जागेपणीही—

१६ जानेवारी, बारा
वाजतोय.
मोबाईल रतनबाईंकडे. उंबऱ्यात बसल्यात. मांडीवर—
हाक फुटत नाही. हात पुढे केला. त्यांनी पदर टाकला मोबाईलवर—
अजून वाजतोय. पदराखाली.
माझ्याकडे बघतायत. शांत. म्हणाल्या, पुन्याला म्या सांगते. फोन आलता, बाईंनी