मधल्या खुर्चीत कोण होतं?

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावांपैकी थोरल्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे साष्टांगातली दोन अंगं तूर्त वगळावीत.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत, निदान बाहेरून तरी तसे दिसतो. तुझी तब्येत कशी आहे? नव्या चष्म्याने वाचायला जमतंय का? नाकाच्या पट्ट्या टोचत असतील तर कृपा करून स्वतः चिमटा घेऊन वाकवू नकोस. मागच्या वेळी वाकवल्यास आणि महिनाभर चष्मा एका भुवईवर बसवून सगळ्या जगाकडे संशयाने बघत होतीस. भाऊजींना नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांना वाचायला देऊ नकोस. यात अवकाशयान आहे, आणि अवकाशयान म्हटलं की त्यांना जांभया येतात.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू ऐन वेळी 'थांब, दूध उतू जातंय' म्हणून जातेस आणि परत येतेस तेव्हा विषय बदललेला असतो. हा विषय बदलून चालणार नाही. तर गोष्ट अशी आहे की धाकटा माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं कारण एक खानसामा आहे.

'ध्रुवयान' सिनेमा तुला आठवत असेलच. निदान त्यातला पहिला भाग तरी आठवत असेल (याच्याकडे पुढे येतो). त्याचे आजवर सहा भाग आले, सातवा पुढच्या महिन्यात येतोय, आणि सहाही भाग मी आणि धाकट्याने एकत्र जाऊन पाहिलेत. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा, हे तुझ्या भावजयीने मला अजून माफ केलेलं नाही. तर त्या यानात एक यंत्राचा खानसामा असतो. पांढरी टोपी घालून सगळ्यांना सूप वाढतो. पहिल्या भागाच्या शेवटी यानाचा दरवाजा मिटत असतो, तेव्हा बाकीच्यांना आत येता यावं म्हणून हा तो अंगावर धरून उभा राहतो आणि चेमटून जातो. नुसती टोपी घरंगळत आत येते. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पण तिसऱ्या भागात तोच खानसामा, तीच टोपी घालून, मजेत सूप वाढतोय. कोणी त्याला 'अरे, तू तर गेला होतास' असं म्हणत नाही. कप्तान तर वर मीठ मागतो.

आता यावर जगातल्या सुज्ञ माणसांनी काय करावं? सोडून द्यावं, असं तू म्हणशील. पण आमचं रविवारचं मंडळ सुज्ञ नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी आम्ही जमतो: मी, धाकटा, समोरच्या इमारतीतल्या दाताच्या डॉक्टरीणबाई आणि अशी दोन-चार गिऱ्हाइकं जी एकदा चष्मा करायला आली आणि पुढे येतच राहिली. मंडळाचे नियम दोनच. पडद्यावर दिसलं तेवढंच खरं धरायचं, कोण दिग्दर्शक कुठल्या मुलाखतीत काय बोलला ते ऐकायचं नाही. आणि कशालाही चूक म्हणण्याआधी त्याचं कारण शोधायचा मनापासून प्रयत्न करायचा. यानाच्या प्रवासातला प्रत्येक दिवस मी भिंतीवर निळी फीत ताणून टाचण्यांनी मांडलाय. (गिऱ्हाइकांना ती अंतर मोजायची फीत वाटते. एकजण परवा नंबर तपासताना तिच्या टोकाला जाऊन उभा राहिला.) खानसाम्याबद्दल माझं म्हणणं असं की तळघरात दुसरा खानसामा ठेवलेला असणार, आणि कप्तानाला पहिल्याचं दुःख इतकं झालं की त्याने त्याला तीच टोपी घातली. यात कुठे काय खटकतं? पण धाकट्याचं एकच पालुपद, 'विसरले रे ते.' लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचा हा स्वभावच झालाय. त्याच्या धंद्यात काहीही बिघडलं की कोणीतरी काहीतरी विसरलेलं असतं, कोणी तेल, कोणी स्क्रू. माझ्या धंद्यात तसं नसतं. एकाच तक्त्यावर दोघांना दोन अक्षरं दिसली म्हणून मी तक्ता फाडत नाही, डोळे तपासतो.

तर एका रविवारी वाद जरा चढला. मी म्हणालो, पहिला भाग लागला तेव्हा धाकटा इतका लहान होता की त्याची साक्ष धरताच येणार नाही. मी मात्र तो नीट पाहिलाय, बाबांच्या शेजारी बसून. आणि मग मी ती हकिकत सांगितली जी तू माझ्या तोंडून शंभरदा ऐकली असशील. थंडीचे दिवस, बाबा मधल्या खुर्चीत, एकीकडे मी, एकीकडे धाकटा. अंगात त्यांचा तो तपकिरी कोट, छापखान्यातल्या शाईचा आणि रॉकेलचा वास येणारा. बाही दोनदा दुमडलेली आणि त्या घडीत तिकिटं खोचलेली. खानसामा चेमटला तेव्हा मी त्या बाहीत तोंड खुपसलं आणि बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डॉक्टरीणबाईंना ही हकिकत फार आवडते. दर वेळी त्या शेवटी चष्मा पुसतात. (माझ्याच दुकानातला, पण भाव करून घेतलेला.)

धाकटा म्हणाला, बाबा नव्हतेच. ताईने नेलं होतं. आणि पुरावा काय, तर मध्यंतरात तू त्याला बायकांच्या बाजूच्या मोरीत नेलंस. तिथल्या बायका हसल्या आणि हा अपमान तो आजतागायत विसरलेला नाही. बाबा असते तर त्याला पुरुषांच्या बाजूला नेलं असतं. मंडळात हशा झाला. मीही हसलो. मग त्याने शांतपणे विचारलं, "दादा, पहिला भाग कधी लागला?"

मी वार, तारीख, शहरातलं थिएटर, पहिल्या खेळाची वेळ, सगळं धडाधडा सांगितलं. ते मला झोपेतसुद्धा येतं.

"आणि बाबा कधी गेले?"

ताई, बाबांची तारीखही मला पाठ आहे. तीही झोपेत येते. पण या दोन तारखा मी जन्मात कधी शेजारी शेजारी ठेवल्या नव्हत्या. यानाचा तास न् तास भिंतीवर टाचणारा मी, आपल्या घरासाठी मला एक टाचणी सुचली नाही. बाबा पहिला भाग लागण्याच्या आदल्या वर्षी गेले होते. मशीन उगाच चालू राहिलं होतं, ते मी बंद केलं.

मग माणूस घाबरला की जे करतो ते मी केलं, म्हणजे तोंड उघडलं. आधी म्हणालो, सिनेमा आपल्या गावात आधी लागला असेल. (आपल्या गावात. जिथे रिळं सगळं जग फिरून, ओरखडे घेऊन शेवटी यायची.) ते कोणाला पटेना तेव्हा मी धाकट्याला म्हणालो, तुला बाबांचा चेहरा तरी आठवतो का? नाही आठवत त्याला. हे त्याने मला एकट्याला कधीतरी सांगितलं होतं आणि मी ते चारचौघांत त्याच्या तोंडावर फेकलं. तो उठला, आपलं स्टूल उचललं आणि गेला.

ते स्टूल उंच आहे. दुकानातला दिवा बदलायला तेवढं एकच उपयोगी पडायचं. परवा दिवा गेला, त्यामुळे मागच्या खोलीत सध्या अंधार आहे, आणि मंडळ आता धाकट्याच्या वर्कशॉपमध्ये भरतं. डॉक्टरीणबाई दोन्हीकडे येतात. समेट व्हावा म्हणून त्या आपल्या पेशंटांचंही मत घेतात, पण दाढ कोरत असताना विचारतात आणि 'आ' म्हणजे होकार धरतात, त्यामुळे आतापर्यंत सगळं गाव दोघांच्याही बाजूचं आहे.

पुढचं ऐक. गेल्या आठवड्यात बाईंना भेटायला त्यांच्या इमारतीत गेलो, गुडघ्यामुळे लिफ्टने, आणि ती मधल्या मजल्यावर अडकली. मी घंटा दाबली. थोड्या वेळाने वर पावलं वाजली, हत्यारांची पिशवी टेकल्याचा आवाज झाला, आणि मला कळलं की या इमारतीची लिफ्ट कोणाकडे आहे. मी खोकलो. माझा खोकला तो ओळखतो. तर वरून आवाज आला, "साहेब, तुम्ही दरवाजाला टेकू नका." साहेब आणि तुम्ही! ज्याच्या शेंबडाने माझी पुस्तकं चिकटलेली आहेत तो मला साहेब म्हणतोय. मीही मग म्हणालो, बरं, मिस्त्री. त्याने काम नीट केलं. दरवाजा हाताने उघडून धरला आणि मी खाली उतरेपर्यंत तसाच धरून उभा राहिला. त्या क्षणी मला तो खानसामा आठवला, आणि ते बोलावं असं फार वाटलं. पण तो पान्याकडे बघत होता. मी आभार मानले आणि जिन्याने गेलो, गुडघ्यासकट.

तेव्हापासून मी वाईट झोपतो, ताई. धाकटा बोलत नाही याचं दुःख आहेच. पण दुसरंही एक आहे. बाबांच्या माझ्याकडे मोजक्याच आठवणी आहेत, आणि त्यातली सगळ्यात चांगली ही होती. डोळे मिटले की अजून ती बाही दिसते, पण आता तिच्यात कोणी नाही. इतकी वर्षं ही हकिकत मी तुझ्यासमोर सांगत आलो आणि तू दर वेळी खाली मान घालून भाजी निवडत राहायचीस. हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस.

असो. नुसतं मन मोकळं करायला लिहिलं, काही मागायला नाही. प्रकृतीला जप, भाऊजींना खोकल्यावर सुंठ दे, ऐकले नाहीत तर दोनदा दे.

तुझा,
चष्मेवाला

ता. क. मागायला नाही म्हणालो खरं, पण मधल्या खुर्चीत कोण होतं एवढं एका ओळीत लिहून पाठव. तू सगळ्यांत मोठी होतीस, तुला नक्की आठवत असेल. जे असेल ते लिही, मी सोसेन. (जरा बेताने लिही.)

ता. क. दुसरं. पत्र तिकीट लावायचं राहिलं म्हणून टेबलावर पडून होतं, ते आमच्या घरच्या पोलिसखात्याने वाचलं. तुझ्या भावजयीने 'ध्रुवयान'चा एकही भाग धड पाहिलेला नाही, हे तुला माहीतच आहे. वाचून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "त्या हिवाळ्यात ताईंनी अंगात काय घातलं होतं?" मी म्हणालो, मला काय माहीत. म्हणाली, बाही दोनदा दुमडलेली होती ना? स्वतःच्या मापाच्या कोटाची बाही कोण दुमडतं? आणि आत निघून गेली. मी तिथेच बसलो, ताई. पडद्यावर दिसलं तेवढंच खरं, आणि ती दुमडलेली बाही मला आयुष्यभर दिसत होती. बाबांचे हात तर चांगले लांब होते.

ता. क. तिसरं. मी लगेच धाकट्याला फोन केला. त्याने उचलला. मी आधी त्या रविवारच्या बोलण्याची माफी मागितली, मग बाहीचं सांगितलं. म्हटलं, आपण दोघंही बरोबर होतो रे, मधे ताईच होती, पण कोट बाबांचा होता. तो म्हणाला, "शाईचा वास मलाही आठवतो, दादा. मला वाटायचं तो ताईचाच वास आहे." म्हणजे बघ, त्याच्याकडेही बाबा होते, फक्त तुझ्या नावावर. मग दोघांनीही फोनवर नाकं साफ केली आणि त्याने विचारलं, मागच्या खोलीतला दिवा लागतोय का? उद्या स्टूल घेऊन येतोय.

ता. क. चौथं, आणि खरं म्हणजे पत्र यासाठीच. सातव्या भागाच्या पहिल्या खेळाची तीन तिकिटं काढली आहेत. मधली खुर्ची तुझी. गुडघा, खोकला, उतू जाणारं दूध, काहीही चालणार नाही. आणि खानसाम्याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय, ते सरळ विसरले होते. हे धाकट्याला सांगू नकोस, पुढचे निदान दहा रविवार तरी मला लढवायचं आहे. तो कोट अजून तुझ्या पेटीत असेल तर घालून ये. थिएटरात फार गारठा असतो.