मेन स्विच भावजींना, कंप्युटर लेकीला

कंप्युटर मेलेला नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण माझे दीर बाजारभर सांगत सुटलेत की दुकानातला कंप्युटर मेला, लेकीने मारला, आणि वहिनी ऑपरेशनहून परत आल्या काय नि नाही काय, भरतकामाचं मशीन भंगारात द्यायचं. भंगारवाला काल येऊन मशीनला टेप लावून मापं घेऊन गेला. मी समोर बसलेली असताना! माझंही माप घ्यायचं होतं, एका फेरीत काम झालं असतं.

वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्राची सुरुवात अशी नसते. बरं. तर मी, खाली सही करणारी, भरतकामाच्या दुकानाची मालकीण, वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण चौथी नापास, असे लिहून ठेवते की माझी अक्कल ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही (करून बघावी) आणि मी कसल्याही गुंगीत नाही. गुंगी सोमवारी देणार आहेत. पोटातली गाठ काढायची आहे. डॉक्टरांना विचारलं, वाचेन का, तर म्हणाले, "बघू." कापड बिघडलं की मीही गिऱ्हाइकाला "बघू"च म्हणते. म्हणून हा कागद. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, वेळ नव्हता.

कलम १. दुकानाची जागा माझ्या एकटीच्या नावावर आहे, ती माझ्यामागे माझ्या एकुलत्या एक लेकीची. वरच्या दोन खोल्यांपैकी रस्त्याकडची लेकीची. मागची भावजींची, ते असेपर्यंत. त्यांना तिथून कोणी उठवायचं नाही. लेकीच्या नवऱ्यानेही नाही, तो कधी मिळालाच तर.

कलम २. माझी मोठी कात्री नणंदेकडे आहे. ती तिने "दोन दिवसांसाठी" नेली आणि त्या कात्रीने कागद कापते असं कळतं. कापडाच्या कात्रीने कागद कापणाऱ्या बाईला मी काही ठेवणार नव्हते, पण कात्रीची धार गेलीच आहे, तेव्हा ती तिलाच राहू दे. बाकी काही मागू नये. बँकेत जे असेल त्यातून आधी दवाखाना, मग जाळायचा खर्च, उरलं तर लेकीला. रडायला माणसं बोलावू नयेत, त्यांचं चहापाणी बघायला कोणी नाही.

शेजारच्या इस्त्रीवालीला काहीतरी ठेवायचं मनात होतं. पण ती साक्षीदार आहे, आणि ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते म्हणे. तिला सांगितलं तर म्हणाली, "अगं, मग मला साक्षीदार कशाला केलंस? दुसरं कोणी मिळालं नाही?" नाही मिळालं. तिने समजून घ्यावं.

कलम ३. भरतकामाचं मशीन आणि त्याला जोडलेला कंप्युटर. इथे मला जरा जास्त लिहायचं आहे. वकीलबाईंनी घड्याळाकडे बघू नये.

कंप्युटर आमच्या ह्यांनी घेतला तेव्हाच तो कोणाचा तरी वापरून झालेला होता. मशीनने टाका कुठे घालायचा ते तोच सांगतो. तो बंद, तर मशीन म्हणजे नुसता लोखंडी पलंग. ह्यांनी स्वतः काढलेले सगळे नमुने त्याच्या पोटात आहेत. बिल्ले, नावं, रुमालाच्या कोपऱ्यातली फुलं. हे गेल्यावर ते नमुने लेकीने सांभाळले, आणि त्यावर आम्ही तिघं जेवलो.

गेल्या वर्षी गणवेशवाले नव्या तऱ्हेच्या फायली पाठवायला लागले. जुन्या सिस्टीमवर त्या उघडेनात. नवी सिस्टीम टाकावी, तर ती बनवणाऱ्या कंपनीने आधीच सांगून ठेवलेलं की एवढ्या जुन्या कंप्युटरवर ती चालणार नाही. लेक म्हणाली, "आई, चालणार नाही म्हणजे ते जबाबदारी घेणार नाहीत, एवढंच. आपण बसवून बघू."

मी म्हटलं, "तुझ्या लग्नाचंही असंच दिसतंय."

हसली. तेव्हा हसायची.

नमुन्यांना धक्का न लावता तिने ते काम केलं. आधी नवी सिस्टीम भरलेला पेन ड्राइव्हच कंप्युटरला दिसेना. पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात लावला, तेव्हा दिसला. मग पडद्यावर आलं की हे यंत्र या सिस्टीमच्या लायकीचं नाही. स्थळ घेऊन कोणाच्या दारात जाऊन ऐकावं तसं. लेकीने पेन ड्राइव्हवरचा तो लायकी तपासणारा भागच बाजूला काढला आणि पुन्हा लावला. सिस्टीम गेली आत. कंप्युटर बंद होऊन चालू झाला, कंपनीचं चिन्ह आलं, आणि मग काळोख. लेक म्हणाली, हार्ड डिस्क कशी वाचायची ते हा जुन्याच पद्धतीने धरून बसलाय. सुरू होण्याआधी एक निळा पडदा येतो, बायोस म्हणतात त्याला, तिथे जाऊन तिने काहीतरी बदललं. काय बदललं ते मी पाहिलं नाही, कारण मी तेव्हा हातातलं काम पडून राहिलंय म्हणून तिच्यावर ओरडत होते. आणि कंप्युटर सुरू झाला. नवी फाईल उघडली. मशीनने पहिला टाका घातला तेव्हा भावजीसुद्धा खुर्चीतून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळोख.

लेकीने पुन्हा बायोसमध्ये जाऊन तेच केलं. दिवसभर सुरळीत. पुढच्या सकाळी पुन्हा डिस्क सापडत नाही. असं रोज. भावजी म्हणायचे, "काल चालत होतं ना? मग रात्रीतून भूत येतं काय? हिनेच काहीतरी अर्धवट ठेवलंय." लेकीलाही वाटायला लागलं की सिस्टीम नीट बसलेली नाही. तिने ती पहिल्यापासून पुन्हा घालायला घेतली, आणि नेमके त्याच दिवशी परिचारिकांच्या शाळेचे बिल्ले द्यायचे होते. शाळेची बाई दारात उभी, पडद्यावर टक्के सरकताहेत, मशीन गप्प. बाई कापड उचलून दुसरीकडे गेली. भावजी लेकीच्यादेखत म्हणाले, "हिच्या हाताला यशच नाही."

लेकीने सिस्टीम पुरी बसू दिली. मग पेन ड्राइव्ह काढला, त्याला टोपण लावलं, आणि त्या आठवड्यात परगावी गेली. तिथे कपड्यांच्या मोठ्या दुकानात बिलं फाडते. माझा फोन उचलत नाही. इस्त्रीवालीला म्हणाली म्हणे, "आईने थांब म्हटलं नाही." मी आजवर कोणालाच थांब म्हटलेलं नाही. ह्यांनाही नाही म्हटलं, त्या दिवशीही.

त्यानंतर कंप्युटरला हात लावणारं कोणी नव्हतं. दोन दुरुस्तीवाले आले. दोघांनी मॉडेल बघून मान हलवली, म्हणाले, याला नवी सिस्टीम मान्यच नाही, सगळं पुसून जुनी टाकू. सगळं पुसून म्हणजे ह्यांचे नमुनेही. मी दोघांना दार दाखवलं.

पण मी रोज सकाळी बटण दाबायची. का, ते मला विचारू नका. काळोख व्हायच्या आधी पडद्यावर तारीख येते. ती रोज एकच यायची, एका जुन्या सालातली पहिली जानेवारी. त्या साली हे होते. इथेच, या खुर्चीवर बसून दोरे लावत होते. बरेच दिवस मी ते कोणाला सांगितलं नाही. बटण दाबायचं, तारीख बघायची, बंद करायचं.

एकदा घड्याळजी आमच्या भिंतीवरचं घड्याळ द्यायला आले. त्यांचं दुकान आमच्या पलीकडे. त्यांनी ती तारीख पाहिली.

"वहिनी, ह्याचा सेल गेलाय."

"कंप्युटरला कसला सेल? भिंतीत वायर खोचलीय ना."

"वायरीत करंट आहे तोवर ठीक. पण तुमच्याकडे संध्याकाळी मेन स्विच पडतो. करंट गेला की हा तारीख विसरतो, आणि पोरीने शिकवलेलं सगळंही विसरतो. सकाळी पुन्हा कोरा."

मेन स्विच भावजी पाडतात. आधी सुताच्या गोदामावर पहारेकरी होते. हे तिथेच मशीनं दुरुस्त करायला जायचे. वायर जळाली, सूत पेटलं, भावजी बाहेरच्या फाटकावर होते आणि हे आत. तेव्हापासून भावजी दुकान बंद करताना मेन स्विच पाडतात, मग एकदा हात लावून खात्री करतात, मग कुलूप लावून पुन्हा खिडकीतून बघतात. पावसापाण्यात, तापात, नेमाने. मी एकदाही टोकलं नाही. टोकणार कोण?

तर लेकीच्या हाताला यश होतं. ते रोज संध्याकाळी पुसलं जात होतं, आणि पुसणाऱ्यालाही माहीत नव्हतं. हे मी सर्वांच्या माहितीसाठी मृत्युपत्रात नमूद करते, म्हणजे कोणाला नाकारता येणार नाही.

घड्याळजींनी कंप्युटर उघडून नाण्याएवढा चपटा सेल काढला आणि नवा बसवला. आता तारीख बरोबर येते. पहिल्या दिवशी ती बघून मी बंद करून पुन्हा बटण दाबलं. पण सेलने आठवण राहते, अक्कल येत नाही. बायोसमध्ये चुकीचं आहे तेच तो आता पक्कं लक्षात ठेवतो. बरोबर काय ते एकदाच सांगायला हवं. घड्याळजी म्हणाले, तिथे मी हात घालणार नाही, नमुने गेले तर तुमचं तोंड कसं बघू. ते फक्त लेकीला माहीत आहे.

म्हणून मशीन, कंप्युटर, त्यातले सर्व नमुने, दोऱ्यांचं कपाट आणि ह्यांची हत्यारांची पेटी माझ्या लेकीला. तिने स्वतः येऊन ताबा घ्यायचा. ती न आल्यास मशीनचं काय करायचं ते भावजींनी ठरवावं, आणि ते काय ठरवतील ते भंगारवाल्याच्या टेपवरून दिसतंच आहे. मी नसताना त्यांच्याशी भांडायला कोणी राहणार नाही.

कलम ४. मेन स्विच. तो भावजींना. दुकान कोणाचंही झालं तरी संध्याकाळी स्विच पाडायचा हक्क त्यांचा, ते असेपर्यंत. आता नवा सेल आहे, कंप्युटरचं काही बिघडत नाही. खुशाल पाडा, भावजी. दोनदा हात लावून बघा. पण त्याआधी "यश नाही" हा शब्द परत घ्यायचा. मनात नको, तोंडाने. फोनवर नको, दुकानात, तिच्यासमोर. मी हे कलम त्यांना वाचून दाखवलं. ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "वहिनी, मी आग लागू नये म्हणून करत होतो हो." मी म्हटलं, माहीत आहे.

कलम ५. या मृत्युपत्राची व्यवस्था वकीलबाई बघतील. त्या घड्याळाकडे बघत होत्या, तरीही.

वरील मजकूर मी वाचला, मला समजला, कारण मीच लिहिला आहे.

सही: भरतकामवाली
साक्षीदार १: घड्याळजी, पलीकडचे दुकान (सही)
साक्षीदार २: इस्त्रीवाली, शेजारची (अंगठा, सही येते, पण हाताला भाजलंय)
ठिकाण: दुकान, मशीनजवळचा स्टूल
दिनांक: ९, मंगळवार

सहीनंतर लिहिलेलं चालत नाही, असं वकीलबाई म्हणतात. नाही चालू दे. हे लेकीला आहे. याची झेरॉक्स तुला आजच पाठवते. भंगारवाला रविवारी हातगाडी घेऊन येणार आहे, मी सोमवारी दवाखान्यात. तू आलीस तर हातगाडी रिकामी जाईल, आणि गुंगी चढायच्या आधी मला मशीनचा आवाज तरी ऐकू येईल. नाही आलीस तर तसं सांग, मी स्वतःच कंप्युटरची वायर काढून ठेवते, दुसऱ्याने ओढून काढायला नको.

मी थांब म्हटलं नाही. ये म्हणते आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत, भावजींचा हात मेन स्विचवर जायच्या आत, येतेस की नाही ते कळव.